सोडलं त्याला

गिरणीत उभं असताना फोन घेऊ नये हे हौसरावांना कळत होतं. पट्ट्याची फडफड चाललेली, गिरणीवाल्याचा रेडिओ चाललेला, आणि आधी हिचा गहू की आधी आपली बाजरी यावर दोन बायकांचा वादही चाललेला. पण फोनवर गौतमीचं नाव दिसलं की त्यांचा हात आपोआप कानाकडे जायचा, मग ते कुठंही असोत. "आप्पा, सोडलं मी त्याला," गौतमी म्हणाली. "काय? जोरात बोल, गिरणीत हाय मी." "सोडलं. सोडलं मी त्याला. आता मोकळं वाटतंय." हौसराव खूश झाले. पोरीचा आवाज जरा वेगळा वाटत होता, पण गिरणीत सगळ्यांचेच आवाज वेगळे वाटतात. "लय बरं केलंस!" ते ओरडले. "केवढा व्हता?" पलीकडं कुठल्याशा गाडीचा हॉर्न तेवढा वाजला. मग गौतमी हसली, म्हणजे हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला, आणि फोन बंद पडला. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीचा व्हय?" "व्हय. कोकणात असती, समुद्रावर. मोठंमोठं मासं धरत्यात आन् परत सोडून देत्यात." "आगं बया," बाई म्हणाली, "पैसं उतू चाललं असतील." आणि तिनं आपला गव्हाचा डबा हळूच पुढं सरकवला.

यात हौसरावांचा तसा दोष नव्हता. चार वर्षं झाली, त्यांच्या कानावर 'सोडला' हा शब्द माशाशिवाय दुसऱ्या कशासाठी पडलाच नव्हता. गौतमी आणि तिचा नवरा विश्वजीत सिंधुदुर्गातल्या एका लहानशा बंदरावर हौशी लोकांना गळानं मासे धरायला खोल पाण्यात नेत. बोट विश्वजीतची, गिऱ्हाइकांचं सगळं गौतमीकडं. पुण्यामुंबईचे डॉक्टर, बिल्डर असले लोक यायचे, उन्हात दिवसभर उभे राहायचे, माशाबरोबर फोटो काढायचे आणि मासा परत पाण्यात सोडायचे. या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता आणि त्यावर गौतमी रोज सकाळी आपल्या आवाजात समुद्राची खबर टाकायची. "नमस्कार, मी गौतमी. आज वारा वायव्येचा, मध्यम. पाणी निवळ आणि कोमट. कालच्या भरतीला कोकर मासा चांगला लागला. एक गोबरा, मोठा, सोडला. दोन तांबोशी, सोडल्या." बापाला तिनं त्या ग्रुपात घालून ठेवलं होतं. रेल्वेतून रिटायर झालेला, आयुष्यभर दौंडच्या यार्डात डबे जोडणारा माणूस, गाव समुद्रापासून कुठल्या कुठं. पण गल्लीतले बाकीचे लोक कांद्याचे भाव बघत तेव्हा हौसराव चहाचा कप हातात धरून कोमट पाण्यातल्या कोकराचं ऐकत बसायचे. कोकर किती आणि गोबरा किती हे त्यांच्या लक्षातही राहायचं नाही. पोरीनं रात्री नीट झोप घेतली का, सर्दी झालीय का, कुणावर रागावलीय का, हे सगळं त्यांना त्या चार वाक्यांत कळायचं. निदान तसं ते सिंधूबाईंना सांगायचे. "आज खुशीत हाय," ते म्हणायचे, आणि सिंधूबाई म्हणायच्या, "ती का तुम्ही?"

एकदा दोघं जाऊन आले होते. बोटीत सिंधूबाईंनी डोळे मिटूनच घेतले होते, पण हौसरावांच्या हातात विश्वजीतनं गळाची दांडी दिली, आणि खाली काहीतरी असं ओढायला लागलं की त्यांना यार्डातल्या इंजिनाचीच आठवण झाली. मासा वर आला तेव्हा तो चांदीसारखा लखलखत होता. त्याचा रस्सा किती माणसांना पुरेल याचा हिशेब मनात चालू असतानाच विश्वजीतनं तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला. लगेच सोडला नाही. पुढं-मागं, पुढं-मागं हलवत राहिला. "दम लागलाय त्याला, आप्पा," तो म्हणाला. "तसाच सोडला तर मरंल. आधी श्वास घेऊ द्यायचा." मग माशानं शेपटी मारली आणि गेला. सिंधूबाईंनी तेवढ्यापुरता एक डोळा उघडला. "सोडायचाच व्हता तर धरला कशाला?" त्यांनी विचारलं, आणि बोटीवरचे सगळे हसले, विश्वजीत सगळ्यांत जास्त. हौसरावांना तो पोरगा त्या दिवशी मनापासून आवडला. त्याआधी ते त्याला जरा बिचकूनच असायचे. कवठे येमाईच्या बागायतदाराचा मुलगा, शिरूरच्या कॉलेजात पोरीबरोबर शिकलेला. लग्न नोंदवलं तेव्हा हौसरावांच्या बाजूनं सगळी बौद्धवस्ती नटून हजर आणि त्याच्या बाजूनं दोन मित्र. त्याच्या घरच्यांनी हे लग्न गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. पोरगा धंद्यासाठी तिकडं असतो, एवढंच गाव जाणत होतं. "समुद्रावर कुणी विचारत नाही, आप्पा," तेव्हा गौतमी म्हणाली होती. "तिथं सगळे नुसतं वारा कुठला आणि पाणी कसं, तेवढंच विचारतात."

बाजरीचं पीठ गरम असतं. डबा पोटाशी धरून हौसराव घराकडे निघाले तेव्हा तेवढी ऊब त्यांना बरी वाटत होती. वाटेत फोन वाजला. ग्रुपवर खबर आली होती. आदल्या दिवशी ती आलीच नव्हती. नेटवर्क नसेल म्हणून ते गप्प राहिले होते. बँकेच्या भिंतीला टेकून त्यांनी फोन कानाला लावला, आणि गौतमीचा आवाज आला नाही. आवाज विश्वजीतचा होता. घसा बसलेला. "नमस्कार. कालपासून बंदरात धोक्याचा बावटा लागलाय. वादळी वारा आहे. काल बोट गेली नाही, आज पण जाणार नाही. कुणी येऊ नये." नाव त्यानं सांगितलं नाही. हौसरावांनी पुन्हा ऐकलं. काल बोट गेली नाही. बोट गेली नाही तर गळ पडला नाही, गळ पडला नाही तर मासा लागला नाही. मग पोरीनं सोडलं कुणाला? रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालला होता, तो पूर्ण जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. फोनवर हॉर्न वाजला होता तो बंदरावरचा नव्हता, एसटी स्टँडवरचा होता. पीठ अजून गरम होतं, आणि त्यांच्या अंगावर मात्र काटा आला होता.

केवढा व्हता, असं आपण विचारलं. हे आठवून त्यांना भर रस्त्यात डोळे मिटावेसे वाटले. पण मग दुसरं काय ऐकू येणार होतं? बाईला सोडतात. सोडलेली, टाकलेली, न नांदवलेली, माहेरी बसलेली. केवढे शब्द आहेत, आणि एकातही बाई आपल्या मनानं काही करत नाही. बसते, तेवढंच. सोडलेला नवरा असं त्यांनी मनात म्हणून बघितलं, तर डोळ्यांपुढं देवाला सोडलेला वळूच येऊन उभा राहिला. पोरगी साधं सरळ बोलली होती, 'मी' म्हणाली होती, दोनदा म्हणाली होती. पण त्या वाक्यात बाई अशा जागी उभी होती की हौसरावांच्या कानानं समोरच्या माणसाचा मासा केला. सोडलेली बाई त्यांना माहीत होती. लहानपणापासून माहीत होती. भागूबाई, त्यांची थोरली बहीण. हौसराव शाळेत होते तेव्हा एक दिवस ती दारात येऊन उभी राहिली, पायांवर धूळ, हातात काही नाही. आतल्या खोलीत वडील तिच्याशी बराच वेळ बोलले, आणि बाहेर येऊन शेजाऱ्यांना म्हणाले, "भागूला सोडली तिच्या नवऱ्यानं." त्या दिवसापासून घरात आक्काशी सगळे हळू आवाजात बोलू लागले, दवाखान्यात बोलतात तसं. पुढं ती शिरूरला गेली, अंगणवाडीत कामाला लागली, तिनं दोन खोल्या बांधल्या, गल्लीतल्या निम्म्या पोरांना वाढवलं; पण आजही तिच्याशी बोलताना हौसरावांचा आवाज आपोआप खाली यायचा. आणि आता तोच आवाज आपल्याला पोरीशी बोलताना येणार, याची त्यांना भीती वाटली. हा आवाज एकदा आला की जात नाही हे त्यांना माहीत होतं. गौतमी उद्या राणी होऊन समोर बसली तरी आपण तिला हळूच विचारणार, जेवलीस का गं. तिला ते लगेच कळणार. तिनं एकदा ते ओळखलं की ती घरी येणं सोडणार, आणि तेही तिनंच सोडलेलं असणार.

सिंधूबाई अंगणात वाळवण सारखं करत होत्या. "गौतमीचा फोन आला व्हता," हौसराव म्हणाले. "काय म्हणली?" "सोडलं म्हणली." "आता काय सोडलं? सुरमई?" "मासा न्हाई." सिंधूबाईंचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. "त्यानं सोडली का तिनं सोडलं?" "तिनं." "नीट ऐकलं का? गिरणीत व्हता तुम्ही." "मी सोडलं म्हणली. दोनदा म्हणली." सिंधूबाई तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "मंग बरं." आणि डोळ्याला पदर लावून, "म्हंजी बरं न्हाई. पण बरं." मग त्यांनी जे विचारू नये असं हौसरावांना वाटत होतं तेच विचारलं. "आन् तुम्ही काय म्हणला तिला?" हौसरावांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "केवढा व्हता म्हणलो." सिंधूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आवरता आवरेना, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. हौसराव शेजारी बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको रडत असताना हात कुठं ठेवावा हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी तो तिच्या हातातल्या सुपावर ठेवला.

गौतमीचा फोन बंद होता. दुपारपर्यंत परत परत लावला, तरी बंद. विश्वजीतला लावावा का यावर दोघांचं एकमत होईना. तेवढ्यात भागूबाईंचाच फोन आला. "हौशा, पोरगी माझ्याकडं हाय. खाल्लंय तिनं. निजलीया. तू ये." "काय झालं, आक्का?" "आल्यावर बघ. आन् येताना तोंड पाडून येऊ नगं." फोन ठेवल्यावर सिंधूबाई म्हणाल्या, "स्वारगेटला उतरली तर यवतवरनं सरळ हितं यायचं. शिरूरला कशापायी गेली?" हौसरावांच्या मनात तोच काटा आधीपासून टोचत होता. सोडलेली माणसं जिथं राहतात तिथं ती गेली, असं त्यांना वाटलं. आपलं घर तिला तसं वाटलं नाही, म्हणजे कसं वाटलं, हे त्यांना नीट सांगता येईना. "तुम्हीच जावा आधी," सिंधूबाई म्हणाल्या. "दोघं गेलं तर तिला वाटंल मयताला आल्यात."

चौफुल्याला बस बदलून ते खिडकीशी बसले. कंडक्टरला त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "एक शिरूर," आवाज कसा येतो ते बघायला. कंडक्टर म्हणाला, "ऐकू येतंय, मामा." पुढं दोन्ही बाजूंनी ऊस, गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि मधेच पारगावचा पूल. खाली भीमा. पाणी बघितलं की हौसरावांना पोरीचं लहानपण आठवायचं, त्याला इलाज नव्हता. रात्रपाळी करून आले की ते तिला सायकलवर पुढं बसवून दौंडच्या पुलाखाली न्यायचे. कणकेच्या गोळ्या, वेताची काठी, गळाला एखादी चिलापी लागली तर लागली. ती बडबडी पोर नदीवर गेली की गप्प व्हायची. दोघं शेजारी शेजारी बसायची, कोण कुणाशी काही बोलायचं नाही, आणि हौसरावांना आयुष्यात त्याच्याइतकं सुख कुठंही लागलं नव्हतं. तेव्हा तिच्याशी काय बोलावं याचा प्रश्न पडत नसे. आता न्हावरा येईपर्यंत त्यांनी मनात कितीतरी वाक्यं तयार केली आणि मोडली. झालं ते झालं. नको, हे मयताचं. आम्ही आहोत ना. हे तर तिला माहीत असायला हवं, सांगावं लागलं म्हणजेच संपलं. तुझं घर आहे. मग ती इथं का आली? विश्वजीतला दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं, आणि लगेच त्याचे ते पाण्यात मासा धरलेले हात आठवत होते. त्याचा राग येत होता आणि तो आपल्याला परत दिसणार नाही याचं वाईटही वाटत होतं. उद्या सकाळी चहा घेताना आपण काय ऐकणार, असा एक अगदी आपमतलबी विचारही येऊन गेला, आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

घोडनदीच्या बाजूला एका बोळात भागूबाईंच्या दोन खोल्या होत्या. गौतमी जागी होती. दाराशी बसून चहात बटर बुडवून खात होती, आत्याचं लुगडं अंगावर, केस विस्कटलेले. हौसराव समोर उभे राहिले आणि बसमध्ये केलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. "मला वाटलं मासा," ते म्हणाले. "कळलं मला," गौतमी म्हणाली. "कणकवलीपासून रडत आले होते, आप्पा. स्वारगेटला तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही विचारलंत, केवढा होता. असं हसू आलं की शेजारची बाई घाबरली." "आन् फोन कशापायी बंद केला?" "चार्जिंग संपलं." हौसराव मटकन खाली बसले. सकाळपासून त्यांनी त्या बंद फोनला किती अर्थ लावले होते.

मग तिनं सांगितलं. बावटा लागल्यामुळं बोट बंद होती, आणि नेमके त्याच दिवशी कवठ्याहून विश्वजीतच्या गावचे चारपाच जण मासे धरायला आले. सगळे पडवीत बसले. गौतमी चहा घेऊन बाहेर आली. विश्वजीतनं ओळख करून दिली, "ह्या आमच्या ऑफिसच्या मॅडम." "मी काही बोलले नाही, आप्पा. हसले. एक जण म्हणाला, मॅडम, तुमचा रिपोर्ट आम्ही रोज ऐकतो, आवाज छान आहे तुमचा. दुसऱ्यानं विचारलं, गाव कुठलं? मी सांगायच्या आत विश्वजीतच म्हणाला, इकडच्याच आहेत. ते गेल्यावर मी त्याला विचारलं. तर म्हणतो, एका दिवसाचा तर प्रश्न होता." तिनं बटर चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ती कपात बघत राहिली. "तो वाईट नाही. तो रडला पण. पण चार वर्षं दर वेळी एका दिवसाचाच प्रश्न असतो, आप्पा." हौसरावांना काहीतरी म्हणायचं होतं, चांगलं, मोठ्या आवाजात. "मंग दौंडला का न्हाई आलीस?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि तेही हळूच, दवाखान्यातल्यासारखं. गौतमीनं बापाकडे पाहिलं नाही, आत स्टोव्हपाशी बसलेल्या आत्याकडे पाहिलं.

तेवढ्यात शेजारची अनिता वाटी घेऊन दारात आली. "भागूआत्या, जरा साखर... अगं बाई, गौतमी व्हय ही? कवा आली? मालक न्हाई का आले?" हौसरावांनी सावरून बसत तोंड उघडलं. मोठ्या आवाजात सांगायची हीच ती वेळ होती, हे त्यांना कळत होतं. "त्याचं जरा... म्हंजी ती आलीय, काय हाय, की तिला..." ते अडखळले.

"नवरा सोडून आलीया," भागूबाई आतून म्हणाल्या. भाकरी उलटत, मेथीचा भाव सांगावा तशा. "माझ्यावानी."

अनिता हसली. "तुमच्यावानी कसं, आत्या? तुम्हाला तर तुमच्या मालकानं..."

"कोण म्हणलं?"

"सगळीच म्हणत्यात की."

"म्हणू देत. त्यो कशाचा सोडतुय? बायकू सोडली तर त्याला भाकर कोण घालणार व्हतं? मारायचा त्यो. एक दिस मी परातीत पीठ तसंच ठिवलं आन् निघाले, पारनेरच्या पल्याडनं चालत. आमच्या बापाला म्हणलं, मी त्याला सोडून आले. बाप म्हणला, आसं कुणाला बोलू नगं. त्यानं सोडली म्हणून सांगू. सोडलेलीची लोकांना दया येती, सोडून आलेलीला कुणी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. मी म्हणलं, तुमची इच्छा." त्यांनी भाकरी टोपलीत टाकली. "साखर डब्यात हाय, घे."

अनितानं साखर घेतली नाही. वाटी तशीच हातात धरून ती उभी राहिली. गौतमीला हे नवं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती कॉलेजात असताना याच खोलीत आत्याजवळ राहत होती, तेव्हाच कधीतरी तिला कळलेलं असणार, आणि म्हणूनच ती स्वारगेटवरून दौंडच्या गाडीत न बसता नगर रोडच्या गाडीत बसली होती. हौसराव बहिणीकडे बघत होते. ही बाई धुळीच्या पायांनी दारात येऊन उभी राहिली होती ती कुणी हाकललेली नव्हती; कोस न् कोस आपल्या पायांनी चालत आली होती. आणि आपण शाळकरी पोराचे म्हातारे झालो तरी तिच्यासाठी हळहळत आलो.

"आक्का," ते म्हणाले, "मला कधी बोलली न्हाईस."

"कितींदा मनात आलं," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि खोलीत एकदम शांत झालं. "पर तू साडी घिऊन यायचास, तोंड एवढंसं करून, माझं दुःख वाटून घ्यायला. तुझी ड्युटी, तुझा संसार, तरी यायचास. म्हणलं, मला दुःखच न्हाई म्हणून सांगितलं, तर ह्यो यायचा बंद व्हईल."

"तरी आलो असतो, आक्का," हौसराव म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात. आणि हे खरं की खोटं, ते त्यांचं त्यांनाच कळेना.